दोन गाड्या, एक डबा आणि मांडूचा रस्ता

इंदूरला आलेला पाहुणा सकाळी पोहे-जलेबी खातो, रात्री सराफ्यात जातो, दुसऱ्या दिवशी राजवाडा बघतो आणि "किती स्वच्छ शहर आहे हो तुमचं!" असं म्हणत परतीच्या गाडीत बसतो. त्याचं काहीच चुकत नाही. पण आम्हा इंदूरकरांच्या ओळखीचं आणखी एक इंदूर आहे. ते लोहामंडीत आहे, सियागंजच्या गल्ल्यांत आहे, सांवेर रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे तुम्ही कागदावर काढलेली कुठलीही वस्तू घेऊन जा. समोरचा माणूस आधी चहा मागवतो, मग तुमचा कागद उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "हो जाएगा भिया!"

गेल्या वर्षी मीही असाच एक कागद घेऊन या इंदुरात फिरले. कागदावर एक डबा होता. दोन चाकांवरचा, चारी बाजूंनी बंद, मागचं दार खाली उघडून ज्याची घसरगुंडी होईल असा. त्यात दोन मोटरसायकली शेजारी-शेजारी उभ्या राहाव्यात आणि तो आमच्या दादाच्या बोलेरोमागे जोडता यावा, एवढीच अपेक्षा. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. तिकडे शनिवारी सकाळी असे ट्रेलर रस्त्यावर सर्रास दिसतात. आपल्याकडे मात्र गाडीमागे गाडी म्हटलं की ट्रॅक्टरची ट्रॉली आठवते, नाहीतर बंद पडलेली मोटार.

हे सगळं कशासाठी?

बाबांच्या येझदीसाठी. त्यांची येझदी रोडकिंग १९८२ सालची. बँकेच्या नोकरीत त्यांची पहिली बदली धारला झाली तेव्हा घेतलेली. दर शनिवारी दुपारी बँक बंद करून ते धारहून इंदूरला यायचे आणि सोमवारी पहाटे परत निघायचे. आईशी लग्न ठरलं ते याच काळात, त्यामुळे या गाडीबद्दल आमच्या घरात कोणी वाकडं बोलत नाही.

ज्यांनी येझदी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन सायलेन्सर, अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं. गंमत म्हणजे किक आणि गिअर या दोन्हींसाठी डाव्या बाजूला एकच दांडा. तो आत दाबून वर वळवला की किक, मारून झाली की परत खाली आणून गिअर. नवख्या माणसाला ही गाडी चालू करता येत नाही, हेच बाबांच्या मते तिचं कुलूप. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या बनत. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. मग गोष्टीला असं वळण लागलं की आम्हा इंदूरकरांना हसू यावं. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आली, आणि या नव्या गाड्या बनू लागल्या त्या आमच्या शेजारी, पिथमपूरला. जिथे ऐंशीच्या दशकात फिरोदियांची कायनेटिक होंडा बनत होती आणि २००८ मध्ये जो कारखाना महिंद्राकडे गेला, तिथे. "बघ, ही शेवटी माहेरी आली," असं बाबा म्हणतात. माहेर म्हैसूर आहे हे त्यांना पटवायला जाऊ नये.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. व्यायाम, फिजिओ, सगळं नीट पार पडलं. डॉक्टरांनी सहा-आठ महिन्यांनी गाडी चालवायलाही हरकत नाही म्हटलं, पण दोन अटींवर. गुडघा एकाच अवस्थेत तासन्‌तास ठेवायचा नाही, आणि हायवेची धावपळ नको. आता इंदूरच्या गर्दीत चालवण्यात काही राम नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर पोचायचं तर आधी हायवे. त्यामुळे येझदी पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली. बाबा रविवारी तिला पुसायचे, पाच मिनिटं चालू ठेवायचे आणि बंद करायचे. मग एके दिवशी जेवताना त्यांनी सहज सांगितलं, "देवासचा एकजण बघून गेला. किंमत चांगली देतोय."

आई वाढता वाढता थांबली. मी म्हटलं, "बाबा, दिवाळीपर्यंत थांबा." तेव्हा माझ्या डोक्यात काहीही ठरलेलं नव्हतं.

बंद डबाच का?

गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचे आपल्याकडे रुळलेले मार्ग आहेत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात टाकी रिकामी करून, पोत्यात गुंडाळून देता येते. ट्रान्सपोर्टवाले नेतात. नाहीतर भाड्याचा 'छोटा हाथी' बोलवायचा, फळी टाकून चार जणांनी गाडी वर चढवायची आणि दोराने बांधायची. घर बदलताना हे ठीक आहे. पण दर महिना-दोन महिन्यांनी रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं, तर चार जण कुठून आणायचे? शिवाय आम्हाला जायचं होतं पावसाळ्यात. माळवा बघायचा तो श्रावणात. उघड्या ट्रॉलीत क्रोम पावसात भिजणार, ट्रकमागचा चिखल उडणार, आणि बाबा सबंध रस्ता मागे वळून बघत बसणार.

बंद डब्याचा दुसरा उपयोग आईने शोधला. आमच्या इमारतीत पार्किंगला छप्पर नाही. डबा एका कोपऱ्यात उभा राहिला तर तोच गॅरेज होईल. हे ऐकल्यावर तिचा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा तिने अट म्हणून ठेवला: "काय करायचं ते करा, पण कागदपत्रं सरळ असली पाहिजेत आणि घाटात न्यायचा नाही."

दोन्ही अटी किती शहाणपणाच्या होत्या ते पुढे कळलं.

आधी कागद, मग लोखंड

मित्रमैत्रिणींनो, हा भाग कंटाळवाणा आहे, पण तुमच्यापैकी कोणाला असं काही करायचं असेल तर हाच नीट वाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो, विमा लागतो. चार अँगल वेल्ड करून, जुन्या मोटारीची चाकं लावून रस्त्यावर आणलं, तर ते बेकायदा तर आहेच, पण अपघात झाल्यावर विम्याच्या नावाने हात वर होतात.

म्हणून आम्ही कामाचे दोन भाग केले. खालचा सांगाडा, म्हणजे चौकट, अ‍ॅक्सल, कमानी, चाकं आणि पुढचा जोड, हे सगळं ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्याकडून कागदपत्रांसकट घ्यायचं. त्यावरची बॉडी इंदुरात बांधायची, जशी ट्रकच्या चेसिसवर बांधतात तशी. नंतर आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यायची. आमचं आरटीओ शहराबाहेर नायता मुंडल्याला आहे. तिथे मी इतक्या चकरा मारल्या की बाहेरच्या चहावाल्याने शेवटी "डबा पास हुआ क्या?" असं विचारायला सुरुवात केली. पास झाला, पण सावकाश. तोपर्यंत डबा आमच्या एमपी ०९ नंबराच्या पाटीची वाट बघत शेडमध्येच उभा होता.

दुसरी गोष्ट वजनाची. मोटारीच्या पुस्तिकेत ती किती वजन ओढू शकते ते लिहिलेलं असतं, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो आकडा कमी असतो. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा भरलेल्या अवस्थेत ७५० किलो आहे. आपल्याकडेही ट्रेलरचा सर्वांत हलका वर्ग पाऊण टनापर्यंतचाच. आम्ही तोच आकडा भिंतीवर लिहून ठेवला. माझी क्लासिक ३५० भरते १९५ किलो, येझदी सुमारे १४०. दोन्ही मिळून ३३५. म्हणजे डब्यासाठी उरले ४१५. त्यानंतरचा प्रत्येक निर्णय या ४१५ ने घेतला.

सांवेर रोडची शाळा

सांवेर रोडवरच्या ज्या शेडमध्ये बॉडी बांधली, तिथल्या उस्तादांचं वय साठीच्या पुढे. त्यांचे वडील इंदूरच्या कापड गिरणीत फिटर होते. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल ही नावं त्यांना पाठ असतील. गिरण्यांच्या भोंग्यावर अर्धं शहर घड्याळ लावायचं. एकेक करून त्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये. पण गिरणीतलं हाताचं कौशल्य गिरणीबरोबर मेलं नाही. ते लहान-लहान शेडमध्ये विखुरलं.

गिरण्यांची आणखी एक आठवण इंदूरने जपली आहे: अनंत चतुर्दशीच्या झांक्या. गेली शंभरएक वर्षं गिरणी कामगार विसर्जनाच्या रात्री हलत्या बाहुल्यांचे, दिव्यांनी लखलखणारे देखावे गाड्यांवर उभारून शहरभर फिरवत आले आहेत. गिरण्या बंद झाल्या तरी झांक्या निघतात. उस्ताद लहानपणी वडिलांबरोबर त्या बांधायला जात. माझा कागद बघून त्यांनी पहिला प्रश्न उंचीचा विचारला. मी सहा फूट म्हटलं. ते म्हणाले, "बेटा, झांकी खड़ी-खड़ी नहीं गिरती, मोड़ पर गिरती है."

उंची साडेपाच फुटांवर आली. आत थोडं वाकावं लागतं, पण वारा कमी अडतो आणि वजन खाली राहतं. लांबी आतून आठ फूट, रुंदी पाच. माझ्या बुलेटचं हँडल ७८५ मिलिमीटर रुंद, येझदीचं त्याहून थोडं कमी. दोन्ही अगदी शेजारी ठेवली तर हँडलं एकमेकांत अडकतात. मग उस्तादांनी खडूने जमिनीवर आखून एक गाडी फूटभर पुढे आणि दुसरी मागे ठेवून दाखवली. आठ फुटांत सात फुटी गाड्या अशा मागेपुढे बसल्या.

बाकीचं थोडक्यात सांगते. सांगाड्यावर एक इंची चौकोनी पाइपांचा पिंजरा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम पावसात थेट एकमेकांना लागले तर अ‍ॅल्युमिनियम खात जातं, म्हणून मधे रबराची पट्टी आणि वरून रिव्हेट. तळाला पाण्याला टिकणारं १८ मिलिमीटरचं प्लाय. चेकर प्लेट मजबूत दिसली असती, पण भिंतीवरचा ४१५ आड आला. छताला किंचित उतार, नाहीतर पाणी साचतं.

खरी अडचण होती मागच्या दाराची. दार उघडलं की तोच रॅम्प. साडेपाच फुटांचं दार आणि दीड फूट उंचीवरचा तळ, म्हणजे चढ साधारण पंधरा अंशांचा. एकट्या माणसाला गाडी ढकलत नेता येईल इतपत. पण ते दार स्वतःच चाळीस किलोंचं. बाबांनी ते उचलायचं कसं? उपाय सापडला दुकानांच्या शटरमध्ये. शटर वर जाताना हलकं वाटतं ते त्याच्या पिळाच्या स्प्रिंगमुळे. उस्तादांनी शेजारच्या शटरवाल्याला बोलावून दाराच्या बिजागरीजवळ तशीच स्प्रिंग बसवून घेतली. आता आईसुद्धा एका हाताने दार लावते. आमच्या इंदूरचे चिंचाळकर गुरुजी टाकाऊ वस्तूंतून चित्रं-शिल्पं उभी करायचे. शटरची स्प्रिंग ट्रेलरला लागलेली बघून त्यांना बरं वाटलं असतं.

हवेच्या खिडक्या दोन ठेवल्या, एक छताजवळ आणि एक अगदी तळाला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. नुसती वरची खिडकी ठेवली तर वास जाईल असं वाटतं, पण धोका तळाशीच बसून राहतो. शिवाय टाकीत दोन-अडीच लिटरच पेट्रोल ठेवायचं आणि कॉक बंद करायचा, हा नियम बाबांनी घातला.

गाडी बांधायची रीतही शिकले. साइड स्टँडवर उभी करून बांधायची नाही. पुढचं चाक लोखंडी खाचेत घालायचं, गाडी सरळ उभी ठेवायची, आणि हँडलच्या टोकांना नाही तर खाली फोर्कच्या जोडाला दोन बाजूंनी रॅचेटचे पट्टे लावायचे. सस्पेन्शन साधारण निम्मं दबेल इतपत ते ताणायचे. मागे आणखी दोन पट्टे. दोर नको, तो खड्ड्यागणिक सैल होतो.

काटा काय म्हणाला

रिकामा डबा धर्मकाट्यावर चढवला. ३८० किलो. उस्ताद नुसते मिशीत हसले. दोन्ही गाड्या धरून ७१५, म्हणजे मर्यादेच्या आत.

पण एकूण वजनापेक्षा ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. भार चाकांच्या मागे गेला तर ट्रेलरचा पुढचा भाग हलका होतो आणि वेगात तो शेपटीसारखा डोलायला लागतो. एकदा डोलायला लागला की ब्रेक मारल्याने आणखी बिघडतं. म्हणून एकूण वजनाच्या दहाएक टक्के भार पुढच्या जोडावर असावा लागतो. आमच्या हिशेबाने सत्तर किलो. हे मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. जोडाखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली काटा, आणि आत गाड्या इंच-इंच पुढेमागे. काटा सत्तरवर आला तिथे तळावर रंगाने खुणा केल्या. आता दर वेळी गाड्या त्या खुणांवरच उभ्या राहतात.

मग तालीम. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरचा रुंद रस्ता मोकळा असतो. आधी रिकामा डबा, मग वाळूची पोती, सगळ्यात शेवटी गाड्या. वेग चाळीस, पन्नास, साठ. त्याच्यावर जायचंच नाही असं ठरलं. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला, आशियातला सर्वांत लांब. तिथे मोटारी वाऱ्याशी स्पर्धा करतात. आमची चाचणी दूधवाल्यांच्या सायकलींबरोबर झाली. रिव्हर्स घेणं हे वेगळंच शास्त्र आहे. डबा डावीकडे न्यायचा तर स्टीअरिंग उजवीकडे. दादाला ते जमायला तीन रविवार लागले, मला दोन. हे मी इथे लिहिणार आहे हे त्याला माहीत आहे.

मांडू का?

बाबांच्या मनात महेश्वर होतं. नर्मदा, अहिल्याबाईंचा घाट. पण महेश्वरला जायचं तर मानपूरच्या पुढे विंध्याचा घाट उतरावा लागतो. ब्रेक नसलेला सातशे किलोंचा डबा उतारावर मागून ढकलत असतो. आईची दुसरी अट इथे आडवी आली, आणि ती बरोबरच होती. मांडू माळव्याच्या पठाराच्या अगदी काठावर आहे. इंदूरहून बेटमा, घाटाबिल्लोद, धार, नालछा असं पठारावरूनच जाता येतं. आणि मांडूच्या टोकावरच्या रूपमती मंडपातून, हवा स्वच्छ असेल तर, खाली निमाडात नर्मदेची रेघ दिसते. घाट न उतरता नर्मदा. बाबा तयार झाले.

श्रावणातला रविवार, पहाटे साडेपाच. दादा बोलेरो चालवत होता, शेजारी बाबा, मागे आई आणि मी. बेटम्यापर्यंत कोणी फार बोललं नाही. आरशात तो पांढरा डबा सरळ रेषेत येत होता. घाटाबिल्लोदला उतरून पट्टे तपासले, चाकांना हात लावून बघितला. गरम नव्हती. पोहे खाल्ले आणि निघालो.

धार आलं तसे बाबा बोलायला लागले. धार हे पवारांचं संस्थान. इथे मराठी वस्ती जुनी, त्यामुळे बदली होऊन आलेल्या एकट्या तरुणाला जेवायला बोलावणारी घरं भरपूर. बँक कुठे होती, खोली कुठे होती, पेट्रोलमध्ये ऑइल घालून देणारा पंपावरचा माणूस कुठे उभा राहायचा. त्यातलं निम्मं आता तिथे नाही. बाबा तरी बोटाने दाखवत होते आणि आम्ही बघत होतो.

नालछ्याला एका ढाब्याच्या अंगणात डबा उभा केला. इथून पुढे मांडूचे जुने दरवाजे आणि वळणं लागतात. तिथे ट्रेलर नेण्यात अर्थ नव्हता. चाकांना ओट लावली, दार खाली घेतलं. आधी माझी बुलेट उतरली. मग बाबा म्हणाले, "आता तुम्ही कोणी हात लावू नका."

ते वाकून आत गेले. पट्टे सोडले. येझदी हळूहळू मागे घेत, पुढचा ब्रेक धरून, एकेक पाऊल टाकत रॅम्पवरून खाली आणली. आईने पदर मुठीत धरला होता. गाडी जमिनीवर आल्यावर त्यांनी कॉक उघडला, दांडा आत दाबून वर वळवला आणि डाव्या पायाने किक मारली. पहिली. दुसरी. तिसरीला निळसर धूर आणि तो आवाज. ढाब्यावरचे दोन म्हातारे बाजेवरून उठून बघायला आले.

नालछ्यापासून मांडू दहाएक किलोमीटर. दोन्ही बाजूंना हिरवंगार, मधूनच काकडा खोहची दरी, ढग रस्त्यावर उतरलेले. आई बाबांच्या मागे बसली होती. हे ठरलेलं नव्हतं. मी मागून चालत होते, दादा बोलेरो घेऊन माझ्या मागे. बाबांचा वेग चाळीस. दर पंधरा मिनिटांनी थांबायचं, गुडघा सरळ करायचा, असं वेळापत्रक. आलमगीर दरवाजापाशी थांबलो, मग गावाच्या चौकात होशंगशहाच्या संगमरवरी कबरीसमोर थांबलो, मग मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधे उभ्या असलेल्या जहाज महालापाशी. मांडूची गोरखचिंच पाहिली आहे का तुम्ही? हत्तीच्या पायासारखी खोडं असलेली ती झाडं मुळात आफ्रिकेतली. इथे लोक त्यांना 'मांडू की इमली' म्हणतात आणि फळं रस्त्याकडेला विकायला ठेवतात. आंबट, पिठूळ गर. बाबांनी एक फळ विकत घेऊन येझदीच्या हँडलला पिशवीत लटकवलं.

चौकापासून रूपमती मंडप पाच-सहा किलोमीटर. शेवटचा टप्पा पायऱ्यांचा. त्या बाबांनी हळूहळू, कठड्याला धरून चढल्या. वर पोचलो तेव्हा खाली निमाड नव्हतंच, नुसता पांढरा ढग. आम्ही अर्धा तास बसलो. मधे एकदा ढग फाटला, खाली शेतांचे चौकोन दिसले, लांब कुठेतरी एक चकाकणारी रेघ. ती नर्मदा की साचलेलं पाणी यावर आई आणि दादाचा वाद झाला. बाबांनी हात जोडले. म्हणजे निकाल लागला.

परतीला नालछ्याला आल्यावर त्यांनी स्वतः येझदी रॅम्पवर चढवली नाही. ते काम माझ्याकडे दिलं आणि बाजूला खुर्चीवर बसून सूचना देत राहिले. पाय दुखत होता, ते त्यांनी लपवलं नाही. दिवसभरात बत्तीस-तेहतीस किलोमीटर चालवली होती. बोलेरोत बसताना म्हणाले, "याला ब्रेक बसवता येतात ना? पुढच्या वर्षी महेश्वर करू." देवासच्या माणसाला त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. मी शेजारच्या खोलीत होते. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं.

तुम्हाला करायचं असेल तर

आता वाचकांपैकी काहींच्या घरी एखादी राजदूत, एखादी बजाज, एखादी आरएक्स १०० कापडाखाली उभी असेल. सगळ्यांनी ट्रेलर बांधावा असं मी म्हणणार नाही. आम्हाला सगळं मिळून एका नव्या मोटरसायकलीएवढा खर्च आला आणि सात महिने लागले. पण बांधायचाच असेल तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा आरटीओत जाऊन विचारा. दुसरं, तुमच्या मोटारीच्या पुस्तिकेतला ओढायच्या वजनाचा आकडा शोधा. तिसरं, सांगाडा आणि जोड कागदपत्रांसकट विकत घ्या, तिथे काटकसर करू नका. जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे जोड निसटला तरी दांडा रस्त्यावर आपटत नाही. ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर मागच्या डब्यावरही लागतात ना, हे दर वेळी निघण्याआधी कोणालातरी मागे उभं करून बघा. आमच्याकडे हे काम आईचं. ती डावा, उजवा, ब्रेक असं तीन वेळा ओरडून खात्री करते आणि मगच गाडीत बसते.

बॉडी कुठेही बांधून मिळेल. इंदूरला बांधायची असेल तर कागदावर चित्र काढून सांवेर रोडला या. चहा आधी येईल, उंचीबद्दलचा प्रश्न नंतर. सध्या आमचा डबा पुन्हा त्याच शेडमध्ये आहे. पुढच्या जोडात असा ब्रेक बसवायचं काम चालू आहे की मोटार थांबताना डबा पुढे ढकलला गेला की त्या ढकलण्यानेच त्याचे स्वतःचे ब्रेक लागतील. त्याने वजन थोडं वाढणार, भिंतीवरचा हिशेब नव्याने मांडावा लागणार, आणि बदलाची नोंद करून घ्यायला नायता मुंडल्याच्या चहावाल्याची पुन्हा भेट होणार. आईने घाटाची अट अजून मागे घेतलेली नाही. ब्रेक लागल्यावर उतारावर चाचणी घ्यायची, आणि त्या चाचणीला ती स्वतः गाडीत बसणार, एवढ्यावर सध्या बोलणं थांबलं आहे.